घर दाखवायचे होते म्हणून

करी रोडच्या पुलाजवळ पूर्वी जिथे गिरणीच्या चाळी होत्या, तिथे आता दोन इमारती उभ्या आहेत. पुढची विकत घेणाऱ्यांची, मागची जुन्या भाडेकरूंची. मागच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर कांताबाई तांबे एकट्या राहत. महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात त्यांनी आया म्हणून आयुष्यभर नोकरी केली होती. नवरा गौतम जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलती मुलगी प्रिती लग्नानंतर बदलापूरला होती. ही खोली सासऱ्यांच्या चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालेली, आणि कांताबाईंना ती या उन्हाळ्यात विकायची होती.

कारण त्यांचे डोळे होते. काचबिंदूचे निदान उशिरा झाले. डॉक्टरांनी पुष्कळ सांगितले असावे. कांताबाईंनी त्यातले एवढेच लक्षात ठेवले की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल हे कोणी सांगू शकणार नाही. त्यांना समोरचे दिसे, पण नळीतून पाहिल्यासारखे. बाजूचे, खालचे, कडेचे जग गळून गेले होते. माणूस पाहायचा तर आधी चेहरा, मग मान वळवून हात, मग पाय, असा तुकड्यातुकड्यांनी पाहावा लागे.

अंधत्वापेक्षा त्यांना एका वेगळ्या गोष्टीची भीती वाटे. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर मुलांच्या घरी नेलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. अशी बाई ते घर कधीच ओळखत नाही. दार कुठे, मोरी कुठे, खिडकीतून ऊन कोणत्या वेळी येते, यातले काही तिच्याकडे नसते. मग तिला एका खाटेवर बसवतात आणि ती तिथेच बसते. घरातली माणसे वाईट नसतात. पण ती बाई हळूहळू घरातल्या वस्तूंपैकी एक होते. कांताबाईंनी ठरवले होते की प्रितीच्या वसाहतीतच तळमजल्यावर एक छोटे घर घ्यायचे, आणि डोळ्यांत थोडे तरी बळ आहे तोवर ते पाठ करून टाकायचे. ते घर पाहूनही झाले होते. हे विकल्याशिवाय ते घेता येत नव्हते.

घरे विकून देण्याचा व्यवसाय करणारा हितेंद्र याच भागात, शेजारच्या चाळीत वाढलेला. त्याने बाजाराचा स्वभाव त्यांना समजावून सांगितला.

"मावशी, परीक्षा संपल्या की पार्ट्या फिरायला लागतात. जूनला शाळा. पोरांचं अ‍ॅडमिशन झालं की कोण हलत नाय. मधला जो काय टाइम आहे तो आपला. एकदा पाऊस लागला की मार्केट झोपलं. मग श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष. डायरेक्ट दिवाळी."

"दिवाळीला मला काय दिसेल रे?" कांताबाई म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतो, आत्ताच्या आत्ता घर तयार करा."

घर तयार करणे म्हणजे काय, हे कांताबाईंना तेव्हा कळले. इतकी वर्षे ते राहण्यासाठी तयार होते, दाखवण्यासाठी नव्हते. पाण्याचे निळे पिंप गॅलरीतून हलले. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले सुकटीचे आणि बोंबलाचे डबे शेजारच्या गंगुबाईंकडे गेले. "वासाचं लय असतं लोकांचं," हितेंद्र म्हणाला. ट्यूबलाइट काढून पांढरे दिवे लावले. पश्चिमेच्या खिडकीला फिके पडदे आले, कारण ग्राहक दुपारनंतर येतात आणि दुपारनंतर ती खोली तापते. हे सगळे कांताबाईंनी निमूटपणे केले. रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी तयार करताना जशी एकेक गोष्ट काढून ठेवावी लागते, तसे त्यांनी घराच्या अंगावरचे एकेक काढून ठेवले.

मग हितेंद्र दारासमोरच्या भिंतीपाशी थांबला. तो बराच वेळ काही बोलला नाही, यावरून कांताबाईंनी ओळखले.

"बोल."

"मावशी, तुम्हाला माहितीय मला काय फरक पडत नाय. तुमच्या हातचं खाऊन मोठा झालोय मी."

"पार्टीला पडतो."

"कोण बोलून नाय दाखवत. बोलले असते तर मी पण बोललो असतो ना त्यांना. पण मग फोन उचलत नाय. मागच्या दोन पार्ट्या बघा. आवडलं होतं घर. नंतर एक म्हणते ऊन येतं, एक म्हणते लिफ्ट लहान."

"ऊन येतंच की."

"येतं. लिफ्टपण लहानच आहे. तेच तर."

त्या 'तेच तर'मध्ये हितेंद्रने नकळत एक सामाजिक सत्य सांगितले होते. नकार देणाऱ्याने खरे कारण दिले तर निदान त्याच्याशी भांडता येते. पण जेव्हा दिलेले कारणही खरेच असते, ऊन खरोखर येत असते आणि लिफ्ट खरोखर लहान असते, तेव्हा ज्याला नाकारले गेले त्याच्या हाती फक्त संशय उरतो. संशयाला पुरावा नसतो, म्हणून त्याचा निकालही लागत नाही. तो माणसाच्या घरात राहायला येतो.

त्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तो कांताबाईंच्या सासऱ्यांनी, भिवा तांबे यांनी, लावलेला. भिवा महाडजवळच्या एका गावचे; मुंबईत येऊन गिरणीत लागले. छप्पन सालच्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर त्यांनी दीक्षा घेतली, घरी येऊन देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात सोडले. त्या आठवड्यातच त्यांनी परळच्या एका फ्रेमवाल्याकडून हा फोटो मढवून आणला. चाळीच्या खोलीतून संक्रमण शिबिरात आणि तिथून अकराव्या मजल्यावर, प्रत्येक वेळी सामान नंतर आले, फोटो आधी. कांताबाई रोज सकाळी त्याच्यासमोर उभ्या राहून वंदना म्हणत. तांबे हे आडनाव अनेक जातींत आढळते. नावाच्या पाटीवरून काही कळत नसे. जे कळे ते दार उघडल्यावर समोरच्या भिंतीवरून.

त्यांनी स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने फोटो उतरवला. हितेंद्र पुढे झाला, तर त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. गौतमच्या जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून तो पलंगाच्या पेटीत ठेवला. वळून पाहिले तेव्हा हितेंद्र अजून भिंतीकडेच बघत होता.

"मावशी, खूण राहिली."

कांताबाईंनी मान हलवत हलवत, तुकड्यातुकड्यांनी ती पाहिली. उदबत्तीच्या धुराने आणि उन्हाने भिंतीचा पिवळा रंग काळवंडला होता. फोटोमागचा चौकोन तेवढा लग्नाच्या हळदीसारखा ताजा होता. एवढ्या स्वच्छपणे ती भिंत आजवर काही बोलली नव्हती.

"रंग मारू या?"

"नको. नवा रंग बघितला की पार्टीला वाटतं गळती लपवलीय."

दुसऱ्या दिवशी तो एका दुकानाचे मोठे कॅलेंडर घेऊन आला. वर गणपतीचे चित्र होते. ते त्या चौकोनावर बरोबर बसले. सकाळी सवयीने त्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले आणि तसेच सोडले. त्यांना कोणत्याही देवाचा राग नव्हता. प्रसूतिगृहात कळा देणाऱ्या बायका नाना देवांना हाका मारीत आणि कांताबाईंच्या हातून पाणी पीत. पण सासऱ्यांनी जे समुद्रात सोडले होते, ते आपण खिळ्यावर टांगून परत आणले, ही जाणीव त्यांना सोडीना.

नम्रता आणि तिच्या सासूबाई सुभद्राबाई घर पाहायला आल्या त्या चौदा एप्रिलला. दिवस हितेंद्रने निवडला नव्हता. सुट्टी असते म्हणून त्यांनीच निवडला होता. नम्रता एका विमा कार्यालयात नोकरीला होती, नवरा जहाजावर असे. गिरगावातली चाळीतली जागा विकून त्यांना निघायचे होते आणि मुलीची शाळा परळला ठरली होती. अशी गरजू आणि घाईची माणसे पुन्हा मिळणार नाहीत, असे हितेंद्रने बजावले होते.

दरवर्षी त्या संध्याकाळी कांताबाईंच्या खिडकीच्या जाळीवर निळ्या दिव्यांची माळ असे. खाली पटांगणात मांडव, वंदना, लाऊडस्पीकर. वर्गणीपासून खिरीपर्यंत कांताबाई सगळ्यात असत. त्या दिवशी सकाळी त्या खाली जाऊन हार घालून आल्या. भेटेल त्याच्याशी 'जय भीम' झाले. आणि दुपारी दार लावून घेऊन त्या बिनदिव्यांच्या खिडकीत बसल्या. खालून त्यांची खिडकी लोकांना दिसत असणार, हे त्यांना ठाऊक होते. गंगुबाईंनी दारातून विचारलेच, "काय गो, माळ नाय लावलीस?" कांताबाई म्हणाल्या, "जळलीय." इतक्या वर्षांत शेजारणीशी बोललेले ते त्यांचे पहिले खोटे असावे.

सुभद्राबाई घामाघूम होऊन आल्या आणि पंख्याखाली बसल्या. कांताबाईंनी माठातले पाणी दिले. त्यांनी एका दमात पेला संपवला.

"काय गार आहे हो! वाळा घातलाय?"

"हो. घालते उन्हाळ्यात."

"आणखी द्या थोडं. फ्रिजच्या पाण्यानं तहान जात नाही." दुसरा पेलाही त्यांनी संपवला आणि समोर बघत हात जोडले. "बाप्पा बसलेत बघा दारासमोर. म्हटलं ना नम्रता, घरात शिरल्याबरोबर कळतं. प्रसन्न आहे."

कांताबाईंनी रिकामा पेला उचलला.

"तांबे म्हणजे रत्नागिरीकडचे का तुम्ही?"

"रायगड. महाडच्या बाजूचे."

"म्हणजे जवळचेच की! माझं माहेर पोलादपूर."

खाली कोणीतरी भाषणाला उभे राहिले आणि लाऊडस्पीकरचा आवाज अकरा मजले चढून आत आला. सुभद्राबाईंनी खिडकीकडे पाहिले. "हा आवाज रोजचा का हो?"

"नाय नाय काकी," हितेंद्र घाईने म्हणाला, "वर्षाचा एकच दिवस. सुट्टी आहे ना आज."

"हां, ते," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्या 'ते'मध्ये तिरस्कार नव्हता. काहीच नव्हते, आणि तेच कांताबाईंना अधिक बोचले. ज्या दिवसाभोवती त्यांचे वर्ष फिरत असे, तो त्या बाईच्या बोलण्यात एका सर्वनामाएवढा होता.

नम्रताने स्वयंपाकघर पाहिले, नळ सोडून पाहिले, खिडकीतून पुलाकडे पाहिले. तिचा चेहरा खुलला होता. कांताबाईंना एवढे तर समोर दिसत होते. निघताना सुभद्राबाई हितेंद्रसह लिफ्टकडे गेल्या. नम्रता दारात चपला घालत होती.

"येते हं काकू. छान ठेवलंय घर."

"जय भीम," कांताबाई म्हणाल्या.

शब्द बाहेर पडून गेले होते. निरोप देताना त्यांच्या तोंडून आयुष्यभर दुसरे काही आलेच नव्हते, आणि त्या दिवशी तर सकाळपासून ते शंभरदा आले असेल. नम्रताचा हात चपलेच्या पट्ट्यावर क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, "हो, हो," आणि गेली. लिफ्टचे दार मिटल्याचा आवाज आला. सुभद्राबाईंनी ऐकले की नाही, हे कांताबाईंना समजले नाही. त्या बाजूला होत्या, आणि बाजूचे त्यांना दिसत नव्हते.

रात्री प्रितीचा फोन आला. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे सुकट गंगुमावशीकडे पाठवलीस, माळ लावली नाहीस, बाप्पा लावलास, आणि दारात येऊन जय भीम?" ती हसत सुटली.

"अगं, आजच्या दिवशी तोंडाला काय माहीत पार्टी कोण आहे ते?"

दोघीही हसल्या. मग प्रितीचे हसणे मधेच थांबले. "आई, पण आता गं?"

त्यानंतरचे दिवस कांताबाईंनी फोनजवळ काढले. हितेंद्र म्हणायचा, "घाई नका करू. विचार करतायत." सकाळी उठल्यावर त्या आधी उजवा डोळा झाकून पाहत, मग डावा. कधी वाटे, कडेचा अंधार काल होता तिथेच आहे. कधी वाटे, कपाटाची कड काल दिसत होती, आज नाही. दोन भीती एकमेकींना खतपाणी घालत होत्या. घर न विकले जाण्याची भीती त्यांना डोळे वारंवार तपासायला लावी. डोळ्यांची भीती त्यांना त्या दोन शब्दांचा पश्चात्ताप करायला लावी. आणि मग या पश्चात्तापाचीच त्यांना लाज वाटे. ज्या शब्दांनी सासऱ्यांची पाठ ताठ केली होती, ते उच्चारल्याबद्दल आपण स्वतःला दोष देतो आहोत, हे त्यांना एका दुपारी लख्ख दिसले.

त्या दुपारी त्यांनी कॅलेंडर उतरवून व्यवस्थित गुंडाळले, पलंगाची पेटी उघडली आणि फोटो परत जागेवर लावला. सौदा गेला, असे त्या धरून चालल्या होत्या. हरलेल्या माणसाला मिळते तेवढी मोकळीक त्या वेळी त्यांना मिळाली होती. त्यात धैर्याचा भाग किती होता, हे सांगणे कठीण आहे.

दुसऱ्याच दिवशी नम्रता एकटी आली. हितेंद्रला न कळवता, ऑफिसातून परस्पर. हातात मापाची फीत होती.

"काकू, कपाट बसतंय का ते बघायचं होतं," असे म्हणत ती आत आली आणि भिंतीसमोर थांबली.



"त्या दिवशी हे नव्हतं," नम्रता म्हणाली.

"होतं. पलंगात होतं."

नम्रता खुर्चीत बसली. फीत तिने बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मला त्या दिवशीच कळलं होतं. मला काही नाही हो काकू. ऑफिसात आम्ही सगळ्या एकत्रच डबे खातो."

"बरं."

"मला हेच घर हवंय. मुलीची शाळा जवळच आहे. ह्यांच्याशीही बोलले. प्रश्न सासूबाईंचा आहे. त्या वाईट नाहीत, पण त्यांचं जुनं आहे सगळं. त्यांच्या नावावरची जागा विकून हे घ्यायचं, म्हणजे त्यांचं मन..." ती थांबली. "अक्षय्य तृतीयेला त्या स्वतः विसार द्यायला येणार आहेत. तेवढ्या एका दिवसापुरतं, तुम्ही ते कॅलेंडर लावाल का? नंतर काय, घर आमचंच होणार. त्यांना कळायचं कारणच नाही."

हे सांगताना तिचा आवाज अगदी मऊ होता. तिला कोणाला दुखवायचे नव्हते. सासूला नाही आणि कांताबाईंनाही नाही. समाजातले बरेचसे अपमान अशा मऊ आवाजातच मागितले जातात. मागणाऱ्याला वाटते, आपण केवळ अडचण दूर करतो आहोत, आणि ऐकणाऱ्याकडे रागावण्याएवढीही जागा उरत नाही.

"बघते," कांताबाई म्हणाल्या.

नम्रताने कपाटाची जागा मोजली. ते बसत होते. जाताना ती दारात घुटमळली, काहीतरी म्हणावे अशा विचारात. मग नुसती हसून गेली.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी हितेंद्र लवकर आला. फोटो परत लागल्याचे नम्रताने त्याला कळवले होते; तो भिंतीवर नव्हता, हे पाहून त्याने सुटकेचा श्वास घेतला. मग त्याला तो पिवळा चौकोन दिसला.

"मावशी, कॅलेंडर?"

"दाराआड ठेवलंय. घेऊन जा जाताना."

"ओ मावशी, पाच मिनटांत येतील ते लोक! खिळा आहे, लावतो मी पटकन."

"नाही लावायचं."

"अवो पण फोटो काढलात ना? मग?"

"फोटो माझा. तो काढला, ती माझी लाचारी. पण त्यांचा देव मी माझी भिंत झाकायला वापरणार नाही. देव आहे तो त्यांचा, फडकं नाही."

हितेंद्रने घड्याळ पाहिले. मग पुटपुटला, "दिवाळी, मावशी. दिवाळी म्हणजे किती लांब आहे माहितीय ना?"

"मला नाही माहीत तर कोणाला?" कांताबाई म्हणाल्या. माठातून पाणी काढून त्यांनी पेले भरले. त्यांना कोणी शूर म्हटले असते तर त्यांना ते पटले नसते; त्या क्षणी त्यांना एवढेच कळत होते की आपण आपल्या उरलेल्या नजरेशी जुगार खेळत आहोत.

सुभद्राबाई रेशमी साडीत आल्या. नम्रताच्या हातात पेढ्यांचा बॉक्स आणि पाकीट होते. तिची नजर आधी भिंतीवर गेली आणि तिथून कांताबाईंवर. त्या नजरेत राग होता की भीती, हे कांताबाईंना नीट पाहता आले नाही. त्यांनी पेले तिपाईवर ठेवले.

सुभद्राबाई बसल्या नाहीत. त्या भिंतीपाशी गेल्या.

"इथं काय होतं हो?"

"कॅलेंडर नव्हतं का आई, मागच्या वेळी," नम्रता घाईने म्हणाली.

"कॅलेंडर एका वर्षाचं असतं गं. ही खूण तेवढ्यानं पडत नाही." त्या कांताबाईंकडे वळल्या. "काय होतं?"

खोटे बोलायला पुष्कळ जागा होती. लग्नाचा फोटो म्हणता आले असते, आरसा म्हणता आला असता.

"बाबासाहेबांचा फोटो," कांताबाई म्हणाल्या.

सुभद्राबाईंनी चौकोनाकडे पुन्हा एकदा पाहिले. मग अगदी साध्या सुरात, भाजीवालीला विचारावे तसे विचारले, "काढलात कशाला मग?"

या प्रश्नासाठी कांताबाईंची तयारी नव्हती. त्यांनी नकाराची तयारी केली होती, उठून जाण्याची केली होती.

"तुम्ही येणार म्हणून."

सुभद्राबाई खुर्चीकडे वळल्या. त्या बसल्या. पाकीट त्यांनी नम्रताकडून घेतले, तिपाईवर ठेवले आणि दोन बोटांनी पुढे सरकवले. हितेंद्रने कागद काढले, सह्या झाल्या. मे अखेर ताबा ठरला. पेढ्यांचा बॉक्स उघडून तिपाईवर ठेवला गेला, ज्याने त्याने आपापला उचलला. बाहेर ऊन रणरणत होते आणि सुभद्राबाईंचा पदर घामाने मानेला चिकटला होता. नम्रता पाणी प्यायली. निघताना सुभद्राबाई दारात म्हणाल्या, "घर चांगलं ठेवलंत तुम्ही." आणि लिफ्ट आली.

हितेंद्रने दार लावून कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, सुटलो! मेलो होतो मी तिथंच. जमलं! घर गेलं!"

कांताबाई पेले उचलायला वाकल्या. तिपाई त्यांना तुकड्यांनी दिसत होती, म्हणून त्या हातानेच चाचपत गेल्या. पहिला पेला हलका लागला. दुसरा हाताला जड लागला, आणि काठापर्यंत भरलेले थंड पाणी त्यांच्या बोटांवर सांडले.

त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.

कदाचित सुभद्राबाईंना तहान नव्हती. कदाचित घरून पिऊन आल्या असतील, कदाचित सणाचा काही नेम असेल. कांताबाईंनी त्या दिवशी आणि पुढे कित्येक दिवस हे सगळे 'कदाचित' एकेक करून उलटेपालटे करून पाहिले. त्यांतला एकही खोटा म्हणता येत नव्हता. बाजाराने घर घेतले होते; बाजार भिंतीवरच्या खुणेला अडत नाही, त्याला शाळा जवळ लागते आणि जून यायच्या आत ताबा लागतो. पण तेच घर मनापासून आवडलेल्या बाईने, चौदा एप्रिलला दोन पेले संपवलेल्या बाईने, वाळ्याचे पाणी तसेच ठेवले होते. कायद्याच्या कागदावर यातले काही उमटत नाही. ते फक्त पेला उचलणाऱ्या हाताला कळते.

त्यांनी ते पाणी मोरीत ओतले नाही. खिडकीतल्या तुळशीएवढ्या एका मोगऱ्याला घातले.

मे सरत आला तेव्हा त्या बदलापूरच्या नव्या घरात राहायला गेल्या. तळमजला, दोन छोट्या खोल्या, प्रितीचे घर समोरच्याच इमारतीत. सामानाचा टेम्पो यायचा होता. फोटो त्यांनी मांडीवर घेऊन आणला होता. पोचल्यापासून त्या भिंतीला तळहात लावून फिरत होत्या. इथे दार, इथे बटणे, इथे कोपरा, इथून मोरी. मधेच डोळे मिटून तेच पुन्हा करून पाहत. प्रिती हातोडी आणि खिळे घेऊन आली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"कुठं लावू गं? आत लावते, पलंगासमोर. आमच्याकडेपण आतच आहे."

कांताबाई थांबल्या. प्रितीच्या घरी त्या कितीदा राहिल्या होत्या. फोटो आतल्या खोलीत आहे, हे त्यांना माहीत होते. तो 'आत' आहे, असे मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"इथं लाव. दारातून शिरल्याशिरल्या उजव्या हाताला."

"बाहेरच्या खोलीत?" प्रितीचा आवाज खाली आला. "आई, इथं अजून कोणाला माहीत नाही. पोरं खेळायला जातात सगळ्यांकडे. सोसायटीत आता कुठं जम बसतोय आमचा."

"मला माहीत आहे गं तुझी भीती. मीच दिलीय तुला ती." त्यांनी भिंतीवर आपल्या खांद्याच्या उंचीला बोट टेकवले. "इथं."

"एवढं खाली? फोटो असा खाली लावतात का कोणी?"

"वर लावलास तर दिसायला पाहिजे. इथं हाताला लागेल. उद्या सगळं काळं झालं, तरी दारातून आल्यावर मला कळलं पाहिजे ना, मी कुठं आले ते."

बाहेरच्या अंगणात पोरे ओरडत होती. कोणीतरी बाई दुसरीला हाक मारत होती. प्रितीने खिळा दातांत धरला. आधी जाऊन दार लोटले, कडी लावली, आणि मग हातोडी उचलली.